एकाच गाण्याचे दोन तवे

गोरेगाव, ११ फेब्रुवारी

रिंकी,

तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या सासूनं दिला. बाजाराच्या दिवशी तिच्या बांगड्यांच्या दुकानावर गेली, हात पुढं केला आणि म्हटलं, भर. तू गेल्यापासून मी त्या दुकानासमोरून तोंड फिरवून जात होती. पुष्पाबाईनं काही विचारलं नाही. हिरव्या बांगड्या भरल्या आणि पत्त्याचा चिटोरा माझ्या पिशवीत टाकला. बाई चांगली आहे. जास्त बोलत नाही, हे सर्वात चांगलं.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाही. उचलला असता तरी मले फोनवर सुचत नाही. तू तिकडून "बोल नं आई" म्हणशील आणि माझी जीभ टाळूले चिकटेल. लिहिताना बरं असते, कोणी "बोल नं" म्हणत नाही.

योगेश्वरीचं लगीन जमलं. मुलगा इटियाडोह धरणाच्या कालव्यावरचा, घरी दोन्ही हंगामाचं धान, सासू जरा नाकानं कांदे सोलणारी आहे पण मुलगा हसरा आहे. वैशाखात लगीन. पाहुणे पाहायले आले तेव्हा कोणीतरी विचारलंच, "मोठी कुठं असते?" तुझ्या बाबानं पाण्याचा गिलास खाली ठेवला आणि म्हणाले, "आम्हाले एकच मुलगी." मी चहा देऊन राहिली होती. कप हलला नाही की चहा सांडला नाही. मले काही झालंच नाही, रिंकी. त्याचीच मले भीती वाटते.

तू गेली तेव्हा रोवणी चालू होती. मी बांधीत होती, गुडघाभर चिखलात. आपला टिकेश सांगत आला, दीदीनं गोंदियाच्या रजिस्ट्रार ऑफिसात मोनू कलारसंगं लगीन लावलं. मी हातातली धानाची पेंडी पुरी लावली, मग वर आली. बाया म्हणतात, सुशिला दगडाची होय, लेक गेली तरी रडली नाही. असेन. आत हात घालून पाहते तं काही लागतच नाही.

योगेश्वरी म्हणते, "दीदी आली नाही तं मी मांडवात बसत नाही." बसेल ती. पण म्हणते. म्हणून मी बाबाजवळ विषय काढला. त्यांनी आपलं जुनंच तुणतुणं लावलं. तुले पाठच आहे. आपले वाडवडील माळव्याहून आले तेव्हा संगं बिह्याचं, पाठवणीचं गाणं आणलं. या घरची पोरगी ते गाणं ऐकून निघते. आई म्हणते, बाया उचलतात आणि शेवटच्या कडव्याले आई तिले मागून हाक मारते. जिले हाक मारली तिले या घरी यायचा हक्क. "जी गाणं न ऐकता गेली," तुझे बाबा म्हणाले, "तिले हाक कोणी मारली? ती कोणत्या तोंडानं येईल?"

मी म्हटलं, तिनं हाक मारायले सवड कुठं देली? ते म्हणाले, "तेच तं."

एवढंच लिहायचं होतं. लगनाले यायची तुझी इच्छा आहे का, ते कळव. मोनू जवाईले काय म्हणायचं असते ते मले समजत नाही, त्याले माझा आशीर्वाद सांग.

तुझी आई


गोरेगाव, ८ मार्च

रिंकी,

तुझा निरोप भेटला. पुष्पाबाईनं आपला मोबाइल माझ्यापुढं धरला. "आईले सांगा, बाबा बोलावतील तरच येईन. दुसऱ्या कोणाच्या बोलावण्यानं नाही." मी दोनदा वाचलं. 'दुसऱ्या कोणाच्या' म्हणजे माझ्या. ठीक आहे. बापाचीच लेक होय तू, दोघंही शेपटीवर पाय पडल्यावानी करता.

तं आता तुझ्या बाबाच्या तोंडून हाक काढायची, एवढंच काम आहे. बैलाचं दूध काढण्याइतकंच सोपं.

इकडं दुसराच तमाशा सुरू आहे. आपल्या पोवार समाजाचा मेळावा आहे चैत्रात, त्याची स्मरणिका निघते. उदाराम गुरुजी, तुले पाचवीत गणित शिकवत होते ते, आता रिटायर होऊन स्मरणिकेचे संपादक झाले. त्यांनी गावोगावची जुनी गाणी मागवली. तुझ्या बाबाले काय, आनंदच आनंद. "आपलं माळव्याचं गाणं छापून येईल," म्हणे. आणि तिकडं चिचगडले तुझे ईश्वरदास काका, बाबाचे मावसभाऊ, त्यांनीही तेच गाणं पाठवलं, त्यांच्या घरचं. शेवटचं कडवं वेगळं.

तू लहान असताना विचारायची, आई, चिचगडच्या बाया शेवटी वेगळं काऊन म्हणतात? आपल्या गाण्यात पोरगी म्हणते, "मागून हाक दे, माय, मी वळून पाहीन." त्यांच्या गाण्यात म्हणते, "मागून हाक नको देऊ, माय, माझा पाय अडखळीन." बाकी सर्व सारखं: नाव काठाले लागली, पाणी चढून राहिलं, माय, मले जाऊ दे.

आता या दोन ओळींवरून दोन भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. ईश्वरदास काका म्हणतात, निघालेल्या माणसाले मागून हाक मारणं अपशकून, हे शेंबड्या पोराले समजते, मग वाडवडील असं गाणं कसं आणतील? आमचंच अस्सल. तुझे बाबा म्हणतात, आईच्या हाकेचा अपशकून होत नाही, चिचगडले जंगलात राहून लोक अर्धं गाणं विसरले आणि उरलेलं मोहफुलासंगं वाळवून खाल्लं. हे त्यांनी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिलं. बाप्पा! दोनशे माणसांनी वाचलं असेल. काकानं उत्तर लिहिलं, "ज्याच्या घरची पोरगी गाण्याविना गेली त्यानं गाण्यावर बोलू नये."

हे तुले सांगायले नको होतं. पण तू सर्व माहीत करून घे, मग ठरव.

उदाराम गुरुजी घरी आले, मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सुशिलाबाई, म्हणा जी, रेकॉर्ड करून घेतो." घरची सून म्हणून ते गाणं माझंच. मी पदर सावरला, तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. घसा खाकरून पाहिला, पाणी प्याली. नाही म्हणजे नाही. तुझे बाबा खिडकीतून पाहत होते. शेवटी शेजारच्या दोघी बाया येऊन म्हणून गेल्या. तू गेल्यावर मी ते गाणं एकदाही म्हटलं नाही, हे मले तेव्हा ध्यानात आलं. मागच्या वर्षी टिकाराम भाऊजीच्या पोरीच्या वेळीही मी नुसते ओठ हलवले होते.

आजी तिथंच खाटेवर बसून तूर निवडून राहिली होती. एक्क्याण्णव वर्षांची बाई, तिले कोणी विचारलं नाही. गाणं पुरं झाल्यावर ती हसली. मले वाटलं, दात नाहीत म्हणून तोंड तसं दिसते.

योगेश्वरीनं तुले शालूचा फोटो पाठवला म्हणे. तिले तू उत्तर देते, हे मले माहीत आहे. बरं करते.

तुझी आई


गोरेगाव, ३० मार्च

रिंकी,

बसून वाच. तुझ्या आजीनं घराचं छप्पर उडवलं.

झालं असं. उदाराम गुरुजीनं दोन्हीकडची गाणी ग्रुपवर टाकली, म्हणे समाजानंच निर्णय द्यावा. निर्णय तं आला, पण समाजाकडून नाही. बालाघाटचा एक म्हातारा आहे, सुखराम नावाचा, त्याले जुने तवे जमवायचा नाद. तवे म्हणजे फोनोच्या काळ्या तबकड्या, आपण टीव्हीत पाहतो त्या. त्यानं लिहिलं, "भाऊहो, हे माळव्याचं नाही. हे सिनेमाचं प्रेमगीत होय, साधारण चाळीस ते पन्नासच्या मधलं. माझ्याजवळ त्याचे दोन तवे आहेत." आणि दोन्ही वाजवून पाठवले.

मी ऐकले. आधी खरखर खरखर, तव्यावर मासोळी टाकल्यावानी. मग एक बाई गाते. चाल तीच, तंतोतंत. पण हिंदीत. आपण जिथं 'सासर' म्हणतो तिथं ती 'पिया' म्हणते. नाव काठाले लागली आहे ती सासरच्यांची नाही, रिंकी, तिच्या यारानं आणलेली होय. घरच्याले न सांगता पोरगी पळून चालली आणि दारातून आईले म्हणून राहिली, मले जाऊ दे.

मले त्या वेळीही हसू आलं नाही, रडूही नाही. पण मी ते परत लावलं. चार वेळा लावलं असेल.

सुखरामनं पुढं सांगतलं, त्या काळी असं चालायचं. सिनेमात हिरोइननं स्वतःच्या आवाजात म्हटलं होतं. तव्याच्या कंपनीनं मात्र दुसऱ्या शिकलेल्या गायिकेकडून तेच गाणं म्हणवून घेतलं आणि शेवट बदलून विकलं. मागून सिनेमावाल्यांचाही तवा निघाला. बाजारात एकाच गाण्याचे दोन तवे, ज्याले जो आवडला तो त्यानं घेतला. हिरोइनचा आवाज पातळ आहे, ओळ संपता संपता तिचा दम संपते. ती म्हणते, "हाक दे, वळून पाहीन." ते आपलं. दुसरीचा आवाज कसा, तेल लावलेल्या चाकावानी गुळगुळीत. ती म्हणते, "हाक नको देऊ." ते चिचगडचं.

म्हणजे दोन्ही अस्सल आणि दोन्ही माळव्याचे नाहीत.

ग्रुपवर कोणी हसले, कोणी अंगठे दाखवले. तुझे बाबा दोन वेळचे जेवले नाहीत. मग ईश्वरदास काका मोटारसायकलवर बसून स्वतः आले. किती वर्षांनी उंबरठा चढले असतील. दोघांची बेइज्जती झाली तं दोघं भाऊ झाले. उदाराम गुरुजीलेही बोलावलं. म्हणे हा सुखराम खोटा आहे, त्या सिनेमावाल्यांनीच आपल्या लोकांचं गाणं चोरलं असेल. तुझ्या बाबाले एकदम आठवलं, "मायले विचारू. तिच्या सासूनं तिले शिकवलं असेल. ती सांगेल, किती जुनं आहे."

आजीले आंगणात आणून बसवलं. बाबानं तिच्या कानाजवळ मोठ्यानं विचारलं, "माय, आपलं बिह्याचं गाणं तुले कोणी शिकवलं?"

आजी पोवारीत बोलली, मी आपल्या चालू बोलीत लिहिते. ती म्हणाली, "फोनोनं."

उदाराम गुरुजीनं चष्मा काढला आणि परत लावला.

"माझ्या बापाजवळ फोनो होता," आजी म्हणाली. "चाबी भरून वाजायचा. गोंदियाच्या बाजारात धान विकलं की बाप तवा आणे. मी आणि सेवंता, दोघी बहिणी. हे गाणं पहिले मले आवडलं, ते पातळ आवाजाचं. सेवंताले दुसरीचं आवडलं. तिच्यासाठी बापानं तोही आणला. आम्ही दोघी भांडत होतो, आधी कोणाचा लावायचा."

"पण बिह्यात?" बाबा म्हणाले. "बिह्यात कोणी म्हटलं?"

"मी."

"तू?"

"मग कोण? माय आमची हैज्याच्या साथीत गेली. आमच्या मायची गाणी मायसंगं गेली. माझं लगीन झालं, बाहेर बैलबंडी जुंपून उभी, आणि गाणारं कोणी नाही. बाया एकमेकींकडं पाहून राहिल्या. तं मीच म्हटलं. मले जे येत होतं ते म्हटलं. पियाच्या जागी सासर घातलं, मोठी माणसं उभी होती नं. सेवंता रडत रडत मागं म्हणत होती, पण तिनं शेवट आपल्याच तव्याचा म्हटला, हट्टी होती. मी इकडं आली तं माझ्या सासूले, तुझ्या आजीले, गाणं आवडलं. तिनं तुझ्या बहिणींच्या लगनात म्हणायले लावलं. सेवंता चिचगडले गेली, तिनं तिकडं तेच केलं."

ईश्वरदास काका खाली बसले. सेवंता म्हणजे त्यांची आई.

बाबा म्हणाले, "माय, इतकी वर्षं तू सांगतलं काऊन नाही?"

"तू विचारलं कधी? तू तं मलेच सांगत होता, माळव्याहून आलं म्हणून. मले वाटलं, शिकलेला आहे, असेल माळव्याहून."

मग आजीनं इकडं तिकडं पाहिलं आणि तुझं नाव घेतलं. दोन वर्षांत या आंगणात मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. "आणि रिंकीले कायले दोष देता? त्या पोट्टीनं गाण्यात सांगतलं तेच तं केलं."

उदाराम गुरुजीले हसू फुटलं, त्यांनी खोकल्यासारखं केलं. तुझे बाबा उठले आणि शेताकडं निघून गेले. चप्पलही नाही घातली.

मी आशेनं वाट पाहून राहिली होती, हे मी कबूल करते. मले वाटलं, गाण्याचा आधारच गेला, आता हे माणूस काय धरून बसेल? मी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि म्हटलं, "आता तं बोलवा पोरीले."

ते म्हणाले, "योगेश्वरीच्या लगनात ते गाणं होणार नाही. डीजे सांगतला आहे."

"मी गाण्याचं नाही, पोरीचं विचारून राहिली."

"तेच उत्तर," म्हणाले आणि भात कालवला.

झाकली मूठ होती तेव्हा त्या मुठीनं मारत होते, मूठ उघडी पडली तं हातानं मारतात. मी तुले आधीच सांगून ठेवते म्हणजे तू वाट पाहणार नाही. पण अजून लगनाले वेळ आहे.

तुझी आई


गोरेगाव, १९ एप्रिल

रिंकी,

या वेळी लिहायले काही नाही. हळद दळून झाली, मांडवाचे लोक माप घेऊन गेले. स्मरणिकेत गाणं आलंच नाही. त्या पानावर शेतीच्या पंपाची जाहिरात आहे.

आजी बोलून मोकळी झाली तेव्हापासून खुशीत आहे. टिकेश तिले मोबाइलवर दोन्ही तवे लावून देते. पातळ आवाजाची बाई लागली की ती बोटानं खाटेच्या पाटीवर ताल धरते. दुसरी लागली की म्हणते, "ही सेवंताची. चालू दे, तिलेही ऐकू दे." मी बाजूले भाजी चिरत असते. सर्व ऐकू येते आणि आत काही पोचत नाही. डॉक्टरले दाखवलं तं त्यानं रक्त तपासलं आणि म्हणाला, "रक्त कमी आहे, ताई, पालक खा." खाऊन राहिली.

मी बाबाजवळ अजून दोनदा विषय काढला. एकदा ते ट्रॅक्टर धुवून राहिले होते, त्यांनी पाण्याची धार मोठी केली. दुसऱ्यांदा म्हणाले, "तू तिले पत्रं लिहिते, मले माहीत आहे. मी मना केलं का?" मी म्हटलं, नाही. "मग मलेही जबरदस्ती करू नको." त्यांना कसं समजलं, कोण जाणे. पुष्पाबाईनं सांगतलं नसेल.

बाबा बोलावतील तरच येईन म्हणते. बरोबर आहे तुझं. मीही तुझ्या जागी असती तं हेच म्हटलं असतं. पण मी तुझ्या जागी नाही, तुझ्या आईच्या जागी आहे, आणि इथं उभं राहून पाय दुखतात.

तुझी आई


गोरेगाव, ७ मे

रिंकी,

योगेश्वरी गेली. तू आली नाही. मी मांडवाच्या तोंडाशी पाहून राहिली होती, मोटारसायकल थांबली की मान वळे. बाया म्हणाल्या, व्याह्यांची वाट पाहून राहिली.

लगीन चांगलं झालं. जेवण पुरलं, पाऊस आला नाही, जवाई हसरा तो हसराच. योगेश्वरी मांडवात बसली आणि रडली. तुझ्यासाठी की स्वतःसाठी ते मी विचारलं नाही.

पाठवणीची वेळ आली. डीजे बाबानंच बंद करायले लावला. गाडी फुलं लावून उभी. योगेश्वरी दरवाजाजवळ थांबली आणि बसेना. तिची सासू घड्याळाकडं पाहून राहिली. पोरगी मले म्हणाली, "आई, म्हण नं."

मी म्हटलं, "बाबानं मना केलं."

"बाबा नवरी होय का?" सर्वांपुढं म्हणाली, अशी.

मग मी तोंड उघडलं. मले खरंच म्हणायचं होतं. तुझ्या बाबाची मले फिकर नव्हती. पण ते निघत नाही, रिंकी, मी काय करू? तिच्या डोक्यावर हात ठेवून मी नुसती उभी राहिली, बंद पडलेल्या पंपावानी. बायांनीही सुरू केलं नाही, त्यांना मनाई माहीत होती.

तेव्हा ईश्वरदास काकाच्या बायकोनं सुरू केलं. चिचगडच्या त्या काकूनं, जिच्यासंगं मी नीट बोलत नव्हती. माझा हात धरला आणि म्हणायले लागली. मागून चिचगडच्या सर्व बाया, मग आपल्याही. नाव काठाले लागली, पाणी चढून राहिलं. शेवटचं कडवं आलं तं अर्थातच त्यांचं आलं, हाक नको देऊ. आणि आपल्या बायांनीही तेच म्हटलं. आपलं कोणीच म्हटलं नाही. ते आईनं म्हणायचं असते नं.

योगेश्वरी गाडीत बसली. काच वर गेली. हाक कोणी मारली नाही. गाडी निघाली, रस्त्याले लागली, आणि तुझे बाबा एकदम धावले. वेड्यावानी. धोतराचा सोगा हातात धरून चार पावलं धावले आणि मोठ्यानं हाक मारली, "बेटी! ए बेटी!"

गाडी थांबली. तिनं काच खाली करून वळून पाहिलं. त्यांनी हात हलवला, जा जा म्हणाले.

सर्व बाया डोळे पुसून राहिल्या. काकू हुंदके देऊन राहिली. आणि मले राग आला. इतका राग आला, रिंकी, की हातातल्या बांगड्या वाजायले लागल्या. कधीपासून काही येतच नव्हतं आणि आलं ते हे. या माणसाच्या घशातून हाक निघते. निघते! दोन वर्षं मी समजून राहिली होती की तिथं काही उरलं नाही, माझ्यासारखंच. म्हणून मी त्यांना माफ करत होती. आणि ती तिथं होती, सर्व वेळ होती, आणि त्यांनी तुझ्यासाठी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव सोडून राहिले होते. ते खुर्चीवर बसून पाहत होते. मी समोर जाऊन उभी राहिली.

"योगेश्वरीले हाक मारली नं तुम्ही?"

"निघून गेली तोंडातून."

"मोठीसाठी काऊन नाही निघत?"

ते मांडववाल्या पोराले म्हणाले, "तो कपडा चिखलात नको टाकू गा." मी सरकली नाही. तेव्हा म्हणाले, "ती पाहील का वळून?"

मी म्हटलं, "मारून पाहिली असती तं समजलं असतं."

त्यांनी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. मग मी म्हटलं, "मी पुण्याले जाऊन राहिली."

"विचारून राहिली का सांगून?"

"सांगून."

तं मी तुले साफ लिहिते, खोटी आशा देत नाही. बाबानं तुले बोलावलं नाही. पुढंही बोलावतील असं मले वाटत नाही. मनात असेल, पण मनातल्याचं काय करायचं, त्याचं लोणचं घालता येत नाही. तू म्हणाली होती बाबा बोलावतील तरच, तं तुझं येणं झालं नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही. म्हणून मीच निघून राहिली. टिकेशनं गोंदियाहून गाडीचं तिकीट काढून देलं. तो संगं येतो म्हणाला, मी नको म्हटलं. आजीले सांगतलं तं ती म्हणाली, "मले काऊन नाही नेत?" तिच्यानं उठवत नाही आणि पुण्याले निघाली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पुष्पाबाई फोटो काढून तुले पाठवते म्हणाली, म्हणजे माझ्या आधी पोचेल. आज मी तिच्या दुकानात बसूनच लिहून राहिली, लोक पाहतात तं पाहू दे.

राहायले येत नाही, भेटायले येत आहे. तू नको म्हटलं तं मी स्टेशनवरूनच वापस येईन, पण ते तू स्वतः म्हण, मोनू जवाईले पुढं करू नको.

आणि एक सांगून ठेवते. तू दिसल्यावर मी रडेन, गळ्यात पडेन, असं समजू नको. बहुतेक मी पिशवी धरून नुसती उभी राहीन, आणि तुले वाटेल, आई अजून रागात आहे. तुझ्यावर राग नाही. तुझ्यावर कधीच नव्हता. मले बोलायले येणार नाही, एवढंच.

तं पहिले तूच बोल.

तुझी आई